कुणाला हसायचं?

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आईच्या उशाखाली असतो, पण त्यावरची बटणं तिला दिसत नाहीत. रात्रीची जेवणं उरकली, गोठ्यात शेवटची वैरण टाकून झाली, की ती भिंतीला टेकून पाय लांब करते आणि म्हणते, “लाव रं त्ये हसायचं.” कार्यक्रमाचं नाव तिच्या तोंडात बसत नाही. ‘चला हवा येऊ द्या’ लागायचं तेव्हाही ते ‘हसायचं’ होतं, पुढं ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली तरी ते ‘हसायचं’च राहिलं. भाऊ कदमांना ती नुसतं ‘भाऊ’ म्हणते, जणू आमच्याच भावकीतले. समीर चौघुले म्हणजे ‘त्यो अंगाची घडी घालनारा’.

मी काही सिनेमा-नाटकातला जाणकार नाही. माढा तालुक्यातल्या एका गावात आठ एकर रान करणारा माणूस आहे. ज्वारी, थोडा ऊस, दोन म्हशी. कामातनं जो वेळ उरतो त्यात जे समोर येईल ते बघतो. तेव्हा हे सगळं एका येता-जाता बघणाऱ्याचं मत समजावं. फक्त एक आहे. ज्या गावावर हे सिनेमे निघतात आणि ज्या बोलीवर हे विनोद होतात, त्या गावातच माझं उठणं-बसणं आहे. मत द्यायला एवढा अधिकार पुरावा.

आधी हसण्याच्या बाजूनं बोलतो. २०१६च्या उन्हाळ्यात वडील गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घर एकदम भकास झालं. आईनं बोलणंच टाकलं. समोर ताट ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. सुतक कधीच फिटलं होतं, पण टीव्ही लावायचं धाडस कुणाला होत नव्हतं. दीडेक महिन्यानं एका रात्री धाकट्या पुतण्यानं न विचारताच टीव्ही लावला. मी त्याच्यावर डोळे वटारले. पडद्यावर भाऊ कदम साळसूद तोंड करून काहीतरी सांगत होते आणि समोरचा नट स्वतःचंच हसू दाबत होता. तेवढ्यात मागनं आवाज आला. वळून बघतो तर आई पदराचा बोळा तोंडाला लावून हसत होती. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता परत हसली. त्या रात्री तिनं आपणहून भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून ‘हे असले फालतू कार्यक्रम’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत बसत नाही. उठून दुसरीकडं जातो.

या कार्यक्रमांत मला मनापासून आवडलेल्या गोष्टी आहेत. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात यायचे आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचून दाखवायचे. इतका वेळ खिदळणारं घर गप्प व्हायचं. हसून सैल झालेल्या माणसाला रडवणं सोपं असतं, हे मलाही कळतं. काही पत्रांत डोळ्यांतनं पाणी काढायची घाई दिसायची. पण काही पत्रं अशी होती की दुसऱ्या दिवशी रानात खुरपताना बायका त्यांच्यावर बोलायच्या.

भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी ऐकायला मला कधी कंटाळा आला नाही. आमच्यापासून वऱ्हाड लांब, निम्मे शब्द पहिल्यांदाच ऐकलेले, तरी ती बोली कानाला खरी लागते. कारण ती त्यांच्या घरची आहे, भाड्यानं आणलेली नाही. ‘हास्यजत्रे’त गौरव मोरे स्वतःला फिल्टरपाड्याचा बच्चन म्हणवून घेत यायचे. पवईतली ती वस्ती आम्ही कुठं बघितलीय? पण स्वतःच्या वस्तीचं नाव छातीवर बिल्ला लावल्यासारखं मिरवून हसवणारा माणूस बघितला की बरं वाटतं. तो हसवतो तेव्हा त्याची सगळी वस्ती त्याच्या मागं उभी आहे असं वाटतं.

आता न आवडलेलं. पुरुष साडी नेसून आला की संपलं, लोक हसतात. बाई जाड असली की संपलं, तिला दारात अडकवतात. आणि तिसरं म्हणजे गावाकडची सून किंवा नोकर. या पात्राचं गाव कुठलं ते कधीच कळत नाही. दोन शब्द कोल्हापूरचे, एक मराठवाड्यातला आणि वरनं ‘अगं बया’ची फोडणी. आमच्याकडं दर वीस कोसांवर ‘आलो होतो’ म्हणायची तऱ्हा बदलते. इथं सगळी गावं एकाच पातेल्यात घालून उकडलेली.

एकदा असंच एक स्किट चाललं होतं. शहरातल्या घरात गावाकडची बाई कामाला आलेली. ती तोंड उघडायची आणि समोर बसलेले पाहुणे टाळ्या पिटायचे. मीही हसत होतो. आई मात्र डोळे बारीक करून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “ही कुठल्या गावची रं?”

“कुठलीबी नाही. तसं बोलून दाखवतीय.”

“आपुन आसं बोलतो व्हय?”

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक भरायला आईला तालुक्याच्या बँकेत घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी तिला काहीतरी विचारलं. आई उत्तर द्यायला गेली आणि मधेच थांबून माझ्याकडं बघायला लागली. “तूच सांग,” म्हणाली. टीव्हीमुळं असं झालं, असा आरोप मी करत नाही. तिचं हे कदाचित जुनंच असेल आणि मी आधी बघितलं नसेल. पण त्या दिवशी बघितलं.

आता कुणी म्हणेल, बाप्यानं लुगडं नेसायची चाल तर आपल्या तमाशातली. खरं आहे. जत्रेला फड यायचा. गण झाला की गवळण, आणि गवळणीत मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पण हसू लुगड्याला नसायचं. मावशी साक्षात कृष्णाला आडवी लागायची, देवाची हजेरी घ्यायची, तिथं हसू असायचं. वगातला सोंगाड्या राजाला उलटा सवाल करायचा आणि त्या राजात गावाला आपला पाटील दिसायचा. पाटील तर पुढच्या खुर्चीत बसलेला. झक मारत त्यालाही हसावं लागायचं. हे हसू खालनं वर जायचं. टीव्हीवरचं पुष्कळसं हसू वरनं खाली येतं. एवढाच फरक आहे, पण खाली उभ्या असलेल्याला तो लगेच कळतो.

दुसऱ्या बाजूला ते सिनेमे. मोठा नट नाही, नाचगाणी नाहीत, पैसा इकडनं-तिकडनं जमवलेला. शहरातली माणसं त्यांना ‘वेगळा सिनेमा’ म्हणतात, पुतण्या ‘इंडिपेंडंट’ म्हणतो. आमच्या भागात ते फार येत नाहीत. आले तर आठवडाभर एक खेळ, तोही दुपारी, म्हणजे आम्ही रानात असताना.

यांच्याबद्दलही माझी तक्रार आहे. पडद्यावर झाड दिसतं. मग झाड दिसतच राहतं. एकदा असला सिनेमा लावला होता तर आई म्हणाली, “अडाकला का रं टीव्ही?” आणि या सिनेमांतला शेतकरी बोलत नाही. आभाळाकडं बघतो, मग जमिनीकडं बघतो, मग परत आभाळाकडं. अहो, दुष्काळात माणसं सगळ्यांत जास्त बोलतात! दुसरं काम काय असतं? २०१३च्या दुष्काळात आम्ही जनावरं घेऊन चारा छावणीत मुक्कामाला होतो. रोज रात्री गप्पांचा फड जमायचा. एक म्हातारा छावणीच्या कारकुनाला म्हणाला होता, “म्हशीला दावनीवर वैरण मिळतीया, माझंबी नाव म्हशीतच लिव्हा की.” सगळी छावणी हसली, कारकूनही हसला. ते हसू काढून टाकून तुम्ही आमचं दुःख दाखवलंत, तर ते निम्मंच दाखवलंत.

ज्यांनी ते हसू ठेवलं ते सिनेमे आमच्या घरात दोन-दोनदा बघितले गेले. २००८ साली उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ आला. देवाला सोडलेला डुरक्या नावाचा वळू, त्याला पकडायला आलेले अतुल कुलकर्णी फॉरेस्टवाले साहेब, आणि वळूच्या निमित्तानं एकमेकांची उणीदुणी काढणारं गाव. त्यात गावाला हसलंय, साहेबाला हसलंय, साहेबाबरोबर कॅमेरा घेऊन आलेल्या त्याच्या भावालाही सोडलेलं नाही. सगळेच हसण्याच्या एका पंगतीला. आणि शेवटाकडं त्या वळूचीच दया येते. आई म्हणाली होती, “मुक्या जनावराला उगाच बदनाम केलं.”

सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ त्यानंतर वर्षभरानं आला. विदर्भातल्या एका गावात शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. आपला नवराही तसंच करील या धास्तीनं बायको त्याच्या मागं पोराला पाळतीवर लावते, त्याला गोडधोड करून घालते. नवऱ्याला कळेना ही एवढी का लाडात आलीय. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांची ती कामं बघताना हसू येतं, आणि हसता हसता पोटात खड्डा पडतो. आमच्या शेजारच्या एका वहिनीनं असाच रात्र-रात्र पहारा दिलेला मी बघितलाय. त्यामुळं ते खोटं आहे असं मला कुणी सांगू नये.

पुतण्यानं एकदा लॅपटॉपवर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ दाखवला. २०१५ साली तो थिएटरात लागला होता, पण आमच्यापर्यंत पोचला नव्हता. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरलाय. आरोप असा की त्याच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. सिनेमा संथ आहे, अधनंमधनं मी पेंगलो, खोटं कशाला बोलू. पण एका जागी खाडकन जागा झालो. त्याच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकीलबाई सुट्टीच्या दिवशी नवरा-पोरांना घेऊन नाटकाला जातात. रंगमंचावर मराठी मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या परप्रांतीय मुलाला हुसकावून लावतात आणि सगळं नाट्यगृह हसतं, टाळ्या वाजवतं. बाईही हसतात. साध्या माणसांसारख्या, पोरं बरोबर घेऊन. उद्या परत कोर्टात उभ्या राहायच्या आहेत त्या. सिनेमा त्यावर एक शब्द बोलत नाही. फक्त हसणाऱ्यांना आपल्यासमोर बसवून ठेवतो. मला आमचं घर आठवलं. टीव्हीच्या जागी कुणी कॅमेरा ठेवला असता तर आम्हीही असेच दिसलो असतो.

पण हसणाऱ्याला पुरतं पकडलं ते ‘फँड्री’नं. फेब्रुवारी २०१४मध्ये नागराज मंजुळेंचा हा सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघं बार्शीला जाऊन बघून आलो. नागराज करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच, हे एक कारण. सोमनाथ अवघडे या पोरानं केलेला जब्या शाळेत जातो, शालूवर जीव लावून बसलाय, काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ फिरतो. घरचे मात्र डुकरं धरतात. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर.

शेवटी शाळेजवळच डुक्कर धरायचं काम निघतं. किशोर कदमांचा बाप धावतोय, आई-बहिणी धावतायत, जब्या शालूच्या नजरेपासून लपतोय आणि मार खातोय. डुक्कर हुलकावणी देतंय. कडेला बसून गाव बघतंय, शेरे मारतंय, हसतंय. आमचं थिएटरही हसत होतं. मीही हसत होतो. आत्ता घावतंय, आत्ता निसटतंय! तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ती धावणारी माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निघून जातं. तिथंही हसू आलं, पण घशात अडकलं. मग ते डुक्कर खांद्यावर घेऊन निघतात, मागनं टवाळखोर पोरं लागतात, आणि जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड थेट आपल्या तोंडावर येतो. सिनेमा संपतो.

बाहेर आल्यावर सोबतचे म्हणाले, भारी घेतलाय शेवट. मी काही बोललो नाही. मला १९८६ सालचं आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवत होतं.

मी आठवीत होतो. गावाबाहेर पालं होती आणि तिथला एक पोरगा आमच्या वर्गात होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. घरात त्यांची बोली वेगळी, त्यामुळं आमचं मराठी बोलताना तो घोटाळायचा. ‘आय गेला’, ‘बा आली’ असं म्हणायचा. गणितात माझ्या पुढं होता. मी नकला चांगल्या करायचो. संमेलनात मी गुरुजींची नक्कल केली, पुढाऱ्याची केली, आणि शेवटी त्याची केली. ‘आय गेला’ म्हटलं आणि सगळं पटांगण फुटलं. गुरुजी डोळे पुसत होते. तो पहिल्या रांगेत खाली बसला होता आणि तोही हसत होता. मला कंपासपेटी बक्षीस मिळाली.

आठ-दहा दिवसांनी तो शाळेत यायचा बंद झाला. पालं उठली असतील, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण पालं उन्हाळा लागेपर्यंत तिथंच होती. येता-जाता मला दिसायची.

टीव्हीवरच्या नकलाकारांत आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांना कंपासपेटी जरा मोठी मिळते. त्यांना दोष देताना माझी जीभ जड होते ती त्यामुळं.

गेल्या वर्षी शेळ्यांच्या बाजारात त्यानंच मला ओळखलं. हाक मारली, हात धरून चहाच्या टपरीवर नेलं. शेळ्यांचा धंदा बरा चाललाय, पोरगा कॉलेजात आहे, असं बोलणं झालं. माझ्या डोक्यात इतकी वर्षं जे साठलं होतं ते कुठनं काढावं कळेना, म्हणून विचारलं, “फँड्री बघितलास का?”

“पोरानं दावला की मोबाईलवर. निम्मा बघितला.”

“निम्माच का?”

“फुडचं ठावं हुतं,” तो म्हणाला आणि चहा ओतून घेतला.

“मग काय बघतोस?”

“ती हास्यजत्रा बघतो रोज. दिसभर उनातनं फिरल्यावर मानसानं हसाया नगं व्हय?”

मी हसलो, तोही हसला. मग मीच कसंबसं संमेलनाचं काढलं. त्यानं लगेच मान हलवली. त्याला आठवत होतं.

“नक्कल बेस झालती तुजी. मलाबी हसू आलतं.” जरा थांबून म्हणाला, “पर आय आलती माझी. भितीच्या कडंला हुबी हुती. तिला तुमचं समदं कळायचं न्हाई. घरी आल्यावर इचारलं, समदी येकदम कशाला हसली रं? आता तिला काय सांगायचं, सांग.”

मला काही सांगता आलं नाही. तेवढ्यात त्याच्या शेळीला गिऱ्हाईक आलं आणि तो उठला. चहाचे पैसे त्यानंच दिले.

या सगळ्यावर माझं मत विचाराल तर असं आहे. हसवणाऱ्यांनी हसवणं सोडू नये. आमच्या घरात एक बाई त्याच्यावर जगली आहे आणि शेळ्यांच्या बाजारातला माझा तो दोस्त ऊन उतरवायला तेच बघतो. सिनेमावाल्यांनी आमच्या तोंडचं हसू काढून घेऊ नये. छावणीतल्या म्हाताऱ्यालाही तुमच्या सिनेमात बोलू द्या, झाड थोडं कमी दाखवलंत तरी चालेल. आणि दोघांनीही लिहिताना एवढं बघावं की भिंतीच्या कडेला कुणाची आई उभी आहे का. तिला घरी गेल्यावर समजावून सांगता येईल असा विनोद असला, की मग तो कुणावरही करा. पाटलावर करा, सूनबाईवर करा, माझ्यावर करा.

त्या दिवशी बाजारातनं यायला रात्र झाली. जेवणं झाली, वैरण टाकली. आई भिंतीला टेकली आणि म्हणाली, “लाव रं त्ये हसायचं.” लावलं. प्रसाद खांडेकर आणि नम्रता संभेराव नवरा-बायको होऊन भांडत होते. आई दोनदा हसली आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आज तू हसंना का?”

“हसतो की,” म्हटलं. आणि थोड्या वेळानं खरंच हसलो. स्किट चांगलं होतं.